रिकाम्या हाताने चालूया

 

आजचा विषय आहे चालण्याचा. तुमच्यातली एखादी लगेच म्हणेल, "ह्यात काय सांगायचंय? जन्म गेला चालण्यात!" खरंच आहे ते. विहिरीवर चाललो, सरपणाला चाललो, शेतावर भाकरी घेऊन चाललो. भाताचे भारे डोक्यावर घेऊन खळ्यापर्यंत चाललो. लेकरू कडेवर घेऊन दवाखान्यात गेलो, भाजीची पाटी घेऊन बाजाराला गेलो. पण जरा आठवून बघा. ह्या सगळ्या चालण्यात कधी आपले हात आणि डोकं दोन्ही रिकामं होतं का? हंडा नाही तर मोळी, मोळी नाही तर पाटी, काहीच नाही तर पुढे म्हैस. बाई वाटेने निघाली म्हणजे तिच्याकडे काहीतरी काम असलंच पाहिजे, असा आपल्याकडे न लिहिलेला नियमच आहे. रिकाम्या हाताने दिसली, की चार जण विचारणार, "कुठं निघालीस गं?"

आम्ही आता रोज रिकाम्या हाताने चालतो. ऊन उतरलं की सात-आठ जणी देवळाच्या पारापाशी जमतो, गावाबाहेरच्या वळणापर्यंत जातो, थोडं बसतो आणि दिवेलागणीच्या आत परत येतो. काम काही नाही. एकमेकींसोबत चालायचं, एवढंच काम. आणि त्यातून ह्या वयात आम्हाला मैत्रिणी मिळाल्या. त्या कशा मिळाल्या आणि तुम्हाला कशा मिळतील, ते आज सांगायचं आहे.

आधी आपल्या वयाचं बोलू. काम थांबण्याचा दिवस प्रत्येकीला वेगळ्या वाटेने येतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाईंना तो अठ्ठावन्नाव्या वर्षी येतो. सत्कार होतो, शाल-श्रीफळ मिळतं, फोटो निघतो. अंगणवाडी सेविकेला आणि मदतनिसाला तो पासष्टाव्या वर्षी येतो. आणि शेतावर, मजुरीवर राबलेल्या बाईला? तिला निवृत्तीचा कागद कोणी देत नाही. एका पावसाळ्यात गुडघा वाकेनासा होतो, लावणीला चिखलात उतरवत नाही, आणि सून म्हणते, "आई, तुम्ही राहू द्या, घरी पोरांकडे बघा." तीच तिची निवृत्ती. सून प्रेमानेच म्हणते. पण त्या दिवसापासून त्या बाईचं घराबाहेर जाण्याचं कारण संपतं.

कामासोबत कष्ट जातात, ते बरंच झालं. पण कामासोबत सोबतही जाते, हे कोणी आधी सांगत नाही. आपल्या लहानपणीच्या मैत्रिणी माहेरी राहिल्या, मग त्याही आपापल्या सासरी गेल्या. इथे आलो तेव्हा आपण कोणाची तरी सून, कोणाची तरी भावजय. मैत्रीण अशी पहिल्यांदा मिळाली ती पाणवठ्यावर, सरपणाच्या वाटेवर, नाही तर लावणीच्या ओळीत. सासूच्या कानावर जाणार नाही असं बोलायची जागा तीच होती. आता बऱ्याच गावांत दारात नळ आला, घरात गॅस आला. डोक्यावरचा हंडा उतरला, त्याचं वाईट कोणाला वाटणार? भातसा, तानसा, वैतरणेचं पाणी मुंबईला जातं आणि त्याच शहापूर तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. नळाचं मोल आपल्याला कोणी शिकवायला नको. पण हंडा उतरला तेव्हा त्या वाटेवरची सोबतही सुटली, आणि तिच्या जागी दुसरं काही आलं नाही. उरलं काय? टीव्ही, ओटा आणि नातवंडं. नातवंडंही आता सकाळीच गाडीत बसून इंग्रजी शाळेत जातात.

शाळेतल्या बाईंचं दुःख आणखी वेगळं. पस्तीस वर्षं गाव त्यांना "बाई" म्हणून हाक मारतं. सगळ्यांशी ओळख, सगळ्यांकडून मान. पण बरोबरीने बसून चहा घेणारी एकही नाही. निवृत्त झाल्यावर कळतं, की ओळखी शेकड्याने आहेत आणि मैत्रीण एक नाही. अंगणवाडी सेविकेचंही तेच. तिने गावातलं पोरन् पोर वजनकाट्यावर ठेवलेलं असतं, पण आता संध्याकाळी तिच्या दारात येऊन बसायला कोणाला वेळ असतो?

ह्याला एकटेपणा म्हणायचं. शहरातल्या बंद दारांमागे असतो, गावात नसतो, असं आपण समजतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ च्या जूनमध्ये एक अहवाल काढला. जगातल्या दर सहा माणसांत एकाला एकटेपणा छळतो, असं त्यात सांगितलं आहे, आणि त्याचा परिणाम हृदयावर, मेंदूवर होतो असंही. म्हणजे "करमत नाही" ही तक्रार रिकाम्या डोक्याची नसते. ती दुखण्याइतकीच खरी असते. घरात आठ माणसं असूनही ती असू शकते, कारण आठ जणांशी आपण बोलतो ते जेवणाबद्दल, औषधाच्या गोळीबद्दल आणि लाइट कधी येणार ह्याबद्दल.

आता आपल्याच मुरबाड तालुक्यातली एक गोष्ट ऐका. फांगणे नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ८ मार्च २०१६ ला, महिला दिनी, आज्यांसाठी शाळा सुरू केली. "आजीबाईंची शाळा" म्हणून ती पुढे देशभर गाजली. गावात धार्मिक वाचन चालायचं आणि आज्यांना वाटायचं, आपल्यालाही हे वाचता आलं असतं तर! त्यातून ही कल्पना निघाली. मोतीराम दलाल ट्रस्टने साड्या, दप्तरं, पाट्या दिल्या. साठ ते नव्वद वयाच्या सुमारे तीस आज्या दुपारचं काम आवरून, गुलाबी साडी नेसून, पाठीला दप्तर लावून शाळेत जायला लागल्या.

गुलाबी साडी ऐकलंत ना? त्यांच्यात विधवा आज्याही होत्या. नवरा गेल्यावर रंग विटका झाला पाहिजे असं मानणाऱ्या आपल्या मुलखात, सगळ्यांना एकच गुलाबी रंग. त्या अंगठ्याच्या जागी सही करायला शिकल्या, हे सगळ्यांनी छापलं, आणि ते मोठंच काम आहे. पण आम्हाला त्या शाळेतलं आणखी एक महत्त्वाचं वाटतं. ठरलेल्या वेळी घरातून निघायचं. वाटेत दुसरीला हाक मारायची. पोचल्यावर कोण आली, कोण नाही, हे बघायचं. सत्तर वर्षांच्या बाईची कोणीतरी हजेरी घेतं आहे! ती आली नाही तर तिची जागा रिकामी दिसते आहे! म्हातारपणी माणसाला हेच हवं असतं, की मी आले नाही तर कोणाच्या तरी लक्षात येईल.

प्रत्येक गावात अशी शाळा निघेलच असं नाही. त्याला शिक्षक लागतो, खोली लागते, पैसा लागतो. पण हजेरी घ्यायला काय लागतं? एक वेळ, एक जागा आणि दोन बाया. आमचं चालणं म्हणजे तीच हजेरी.

मैत्री होते कशी, तेही सांगतो. समोरासमोर बसलं की आपल्याला बोलायला सुचत नाही, नाही तर नको ते बोललं जातं. चालताना दोघी एकाच दिशेला बघत असतो. तोंडाकडे बघायचं नसतं, म्हणून अवघड गोष्ट सोपी होते. पहिल्या आठवड्यात आमचं बोलणं फक्त गुडघे, भाव आणि पाऊस एवढंच होतं. मग वाटेने विषय दिले. माघ-फाल्गुनात पळस पेटला, मग मोहाच्या फुलांचा वास आला, आणि लहानपणी मोह वेचायला पहाटे कोण कोण जायचं ते निघालं. मेच्या शेवटी वळवाचे दोन सडे पडले की झुडपांत शेवळं दिसतात. मग शेवळाच्या भाजीत काकडं किती घालायची, नाही तर घसा कसा खाजतो, ह्यावर दोन संध्याकाळी वाद चालला. अशा बोलण्यातून माणूस उलगडतो. महिन्या-दोन महिन्यांनी एखादी आपोआप सांगते, की मुलगा कल्याणला गेल्यापासून फोन करत नाही. कोणी उपाय सांगत नाही. आम्ही नुसतं तिच्या चालीने चालतो. एवढंही पुरतं.

ह्यासाठी आमचा एकच कडक नियम आहे. वाटेवरचं वाटेवर. सुनेची तक्रार असो, मुलाचं कर्ज असो, जावयाचं पिणं असो, जे वाटेवर बोललं ते उंबऱ्याच्या आत न्यायचं नाही. हा नियम मोडला तर आठ दिवसांत गट मोडतो. आणि सुना ऐकत असतील तर त्यांनाही सांगतो, बायांनो, सासूला संध्याकाळी चालायला जाऊ द्या. ती परत येते तेव्हा निम्मा राग वाटेवर टाकून आलेली असते.

आता अडचणी. पहिली अडचण लोकांच्या तोंडाची. "रिकामटेकड्या निघाल्या बघा." "आयुष्यभर चालून पोट नाही भरलं का?" ह्यावर भांडू नका. पंधरा दिवस रोज त्याच वेळी निघा. सोळाव्या दिवशी तेच लोक विचारतात, "आज उशीर झाला का?" रोजची गोष्ट झाली की गाव तिला वळण म्हणून मान्य करतं. तरी एखादीला रिकामे हात जडच वाटले, तर सुरुवातीला हातात पिशवी घेऊ द्या. फांगण्याच्या आज्यांच्या पाठीला दप्तर होतंच की!

दुसरी अडचण घरातल्या कामाची. संध्याकाळ म्हणजे चूल, गुरं, नातवंडं. म्हणून वेळ सगळ्यांनी मिळून ठरवा. कुठे पहाटे जमेल, कुठे दुपारचं जेवण उरकल्यावर थंडीच्या दिवसांत. पण एकदा ठरली की ती बदलू नका. वेळ ठरलेली असेल तर कोणाला बोलवावं लागत नाही, आणि न बोलवता येता येणं हीच गटाची ताकद.

तिसरी अडचण आपण मोठ्याने बोलत नाही, पण ती सगळ्यात मोठी आहे. कोणाबरोबर चालायचं? पेन्शनवाल्या बाई आणि मजुरीवाली बाई बरोबर चालतील का? गावठाणातली आणि ठाकूरवाडीतली? सवाष्ण आणि विधवा? हळदीकुंकवाला काही जणींना बोलावणं जात नाही, हे आपल्याला माहीत आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि सरकारने इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. ठराव चांगलाच आहे. पण ठरावाआधीही एक गोष्ट प्रत्येक गावात करता येते. वाटेला बोलावणं लागत नाही. रस्ता सगळ्यांचा आहे. जी पारापाशी आली ती चालली. तिच्या कपाळाकडे बघायचं नाही, आडनाव विचारायचं नाही.

आमच्यात एक आहेत, त्यांना सगळे अजूनही "बाई" म्हणतात. आणि एक कातकरी आजी आहेत, त्या दिवाळीनंतर घरच्यांबरोबर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. भट्टीवर गेलेल्या बाईला निवृत्ती नसते, हे त्यांच्यामुळे आम्हाला रोज दिसतं. पण रानातली भाजी ओळखावी त्यांनीच. कोवळा टाकळा कुठला, कुर्डू कुठला, विषारी कुठला, हे बाईंनी त्यांच्याकडून शिकलं, आणि त्यांनी बाईंकडून मोबाइलवर फोटो मोठा करून बघायला शिकलं. भट्टीवर जाताना त्या सांगून जातात. परत आल्या की पहिल्या संध्याकाळी त्यांना कोणी "इतके दिवस कुठे होता" म्हणून विचारत नाही. त्यांची चालण्यातली जागा तशीच असते. हे तुमच्या गटातही नक्की पाळा. आपल्या दोन्ही तालुक्यांतून किती घरं अशी स्थलांतर करतात, ते तुम्हाला माहीत आहे. सहा महिने नसलेली बाई परत आली तेव्हा ती परकी होता कामा नये.

आता थोडं तब्येतीचं आणि सुरक्षिततेचं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की आठवड्याला दीडशे मिनिटं तरी अंग जरा गरम होईल असं हलवावं. म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास. चालताना बोलता यावं पण गाणं म्हणताना दम लागावा, एवढा वेग पुरे. छातीत दुखलं, घेरी आली, तर तिथेच थांबायचं आणि सोबतणीला सांगायचं. बीपी, साखर असेल तर आधी उपकेंद्रात दाखवा. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची तिथे बीपी-साखरेची तपासणी मोफत होते. आम्ही महिन्यातून एक दिवस चालत उपकेंद्रातच जातो. एकटीला कंटाळा येतो, आठ जणी गेलो की तीही सहल होते.

सगळ्यात हळू चालणारीला पुढे ठेवा. तिच्या चालीने सगळ्या चालल्या की कोणी मागे पडत नाही. मुंबई-आग्रा रस्ता किंवा कल्याण-नगर रस्ता ह्यांच्या कडेने चालू नका. गाड्यांना दया नसते. गावातला, शेतातला आतला रस्ता निवडा. डांबरी रस्त्यावर चालावंच लागलं तर उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असं आणि एकामागे एक. अंधार पडणार असेल तर बॅटरी हवीच. झिजलेली चप्पल घालू नका. पावसाळ्यात बांधावरून चालणं बंद. पाय घसरला आणि खुबा मोडला तर पुढची वर्षं अंथरुणात जातात. त्या दिवसांत शाळेचा व्हरांडा, समाजमंदिर, देवळाचा सभामंडप इथे फेऱ्या मारा. हसू नका, दहा फेऱ्या मारून बघा.

पावसाळा म्हणजे फुरसं, घोणस, मण्यार, नाग. गवतात हात-पाय घालायचा नाही, हातात काठी ठेवायची. चुकून दंश झालाच तर जखम चिरायची नाही, घट्ट आवळायची नाही, मांत्रिकाकडे वेळ घालवायचा नाही. बाईला न हलवता, न चालवता, १०८ ला फोन करून सरकारी दवाखान्यात न्यायचं. सापाच्या विषावरचं औषध तिथे मिळतं. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे. हे दोन वाक्यांत घरातल्या पोरांनाही शिकवून ठेवा.

आता हजेरीचं पुढचं काम. आमच्यात ठरलं आहे, की कोणी एक दिवस आली नाही तर काही नाही. दोन दिवस आली नाही तर तिसऱ्या दिवशी सगळ्या चालत तिच्याच दारात जायचं. ह्याने काय होतं? ताप अंगावर काढणारी दिसते. गोळ्या संपल्या आणि मागायला लाजते ती दिसते. घरात वाद होऊन जेवण सोडलेली दिसते. मारहाण सोसणारीही दिसते. आठ जणी अंगणात उभ्या राहिल्या की घरातला आवाज आपोआप खाली येतो. आम्ही भांडायला जात नाही. "आज चालायला का नाही आलात?" एवढंच विचारतो. आणि गोष्ट आपल्या हाताबाहेरची असेल तर ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे. हा नंबर पाठ करा: एक, चार, पाच, सहा, सात. आशाताईंना सांगा. एकट्या म्हातारीला जे सांगायला जीभ रेटत नाही, ते मैत्रीण सांगू शकते.

आणि नुसतं दुखणंच कशाला? मैत्रिणी आहेत तर मजाही हवी. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून पूर्ण मोफत. पौषी पुनवेला म्हशाची जत्रा भरते. आतापर्यंत त्या जत्रेत आपण कोणाच्या तरी मागे मागे फिरलो, पोरांची बोटं धरून, पिशव्या सांभाळून. ह्या वेळी मैत्रिणींबरोबर जा. भजी खा, बांगड्या भरा, उशिराच्या गाडीने परत या.

तर उद्यापासून काय करायचं? गट स्थापन करू नका, अध्यक्ष नेमू नका, वही घालू नका. बचत गटात तेवढं पुरे झालं. फक्त एक घर मनात आणा. जिचं दार संध्याकाळी अर्धं लोटलेलं असतं, जी ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत असते, जिला काम सुटल्यापासून कोणी हाक मारलेली नाही, तिचं घर. उद्या ऊन उतरल्यावर तिच्या दारात उभ्या राहा आणि म्हणा, "मावशी, चला, वळणापर्यंत जाऊन येऊ." ती विचारेल, "काय काम आहे?" सांगा, "काही काम नाही." पहिल्या दिवशी ती नाही म्हणेल. दुसऱ्या दिवशीही जा. तिसऱ्या दिवशी ती चपला घालून बसलेली असेल.

रामराम मैत्रिणींनो. चला, निघूया.